वाचून दाखवलंस का?

हा लेख छापायला देण्याआधी मी तो हुबळीला शैलजाला फोनवर अख्खा वाचून दाखवला. शैलजा म्हणजे बिराजदार सरांची मुलगी. ती तिथं एका शाळेत शिकवते, तिला वेळ नसतो, पण संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकून, मधे मधे कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, तिनं सगळं ऐकून घेतलं. दोनदा मला थांबवलं. एक गोष्ट काढायला लावली, ती मी काढली. शेवटी म्हणाली, "अप्पा असंच बोलायचे. द्या तुम्ही छापायला." सर असते तर एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण आता विचारायला शैलजाशिवाय कुणी उरलेलं नाही. आणि सरांबद्दल लिहायचं आणि ते कुणालाच वाचून दाखवायचं नाही, हे माझ्या हातून झालं नसतं. तो नियमच मुळात त्यांचा.

बिराजदार सर आमच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि कॉलेजच्या वार्षिक अंकाचे संपादक होते. मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर लागले आणि लागल्या लागल्या अंकाच्या कामाला जुंपले गेले. तासिकेवरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. सर मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, दाराबाहेर मराठी. "मी मराठी शिकून आलोय, तुम्ही नुसते त्यात जन्माला आलाय," असं ते दरवर्षी पहिल्याच तासाला वर्गाला ऐकवायचे, आणि वर्ग दरवर्षी हसायचा.

उंच, किडकिडीत माणूस. सोलापूरच्या एप्रिलमध्ये अंगावरचा सदरा नको होतो, तेव्हाही हे चपलेत मोजे घालून यायचे. खिशात एक लाल पेन आणि एक बडीशेपेची पुडी. अंकासाठी आलेला लेख आवडला तर लिहिणाऱ्याच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवायचे. नाही आवडला तर स्वतःच तोंडात टाकून चावत बसायचे, आणि समोरचं पोर त्या चावण्याकडं बघत उभं राहायचं. ती बडीशेप मिळावी म्हणून कॉमर्सची मुलंसुद्धा लेख लिहायची. मला ती इतक्या वर्षांत दोनदाच मिळाली आणि दोन्ही वेळा मी ती लगेच खाल्ली नाही.

दिवाळी झाली की फलकावर सूचना लागायची. कथा, कविता, वैचारिक वगैरे सगळ्यांसाठी ठरलेला मजकूर असे, पण ललित गद्याची ओळ सर स्वतःच्या हातानं लिहायचे : 'खरं असावं. आपलं असावं. बघितलेलं असावं.' मग लेख यायला लागायचे. आधी कागदावर यायचे, पुढं पुढं मोबाईलवर यायला लागले, पण विषय बदलले नाहीत. आमच्या कॉलेजातल्या मुलांच्या आज्या डिसेंबरमध्ये फार मरायच्या. दर दुसऱ्या लेखात एक आजी खाटेवर, हात थरथरतोय, नातवाचं नाव ओठांवर. सर कपाळाला हात लावून बसायचे. एकदा एका मुलीला त्यांनी विचारलं, "आजी कधी वारल्या गं?" ती म्हणाली, "नाही वारली सर. पण जिवंत ठेवली तर लेख संपत नव्हता."

यावरून कुणालाही वाटेल की सर लगेच सावध झाले असतील. तसं झालं नाही. ते सावध झाले करमाळ्याच्या म्हाताऱ्यामुळं.

करमाळ्याकडचा एक मुलगा वसतिगृहात राहायचा. त्यानं आपल्या आजोबांवर लेख दिला. आजोबा गेल्याचा दिवस, अंगणातली माणसं, दावणीला हंबरणारी गाय. लेख सरांना आवडला. बडीशेप दिली, अंकात पहिल्या पानांत घेतला, आणि स्नेहसंमेलनात त्याला पहिलं बक्षीस लागलं. कार्यक्रमाच्या दिवशी सर पहिल्या रांगेत बसले होते, मी त्यांच्या मागं. त्यांच्या शेजारी धोतर, पांढरा सदरा, गुलाबी फेटा अशा थाटात एक म्हातारा येऊन बसला. नातवाला बक्षीस मिळणार म्हणून सकाळची एसटी धरून आला होता. निवेदन करणाऱ्या मुलीनं गहिवरल्या आवाजात सांगितलं, की आपल्या स्वर्गवासी आजोबांच्या आठवणींनी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या लेखासाठी वगैरे. म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मग नातवाचं नाव ऐकलं. टाळ्या वाजवायच्या थांबल्या. तो सरांकडं वळून म्हणाला, "मास्तर, मी कवा गेलो वो?"

सरांचा चेहरा मी मागून बघू शकत नव्हते, पण त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी म्हाताऱ्याला स्टाफरूममध्ये आणलं, चहा दिला. नातू दाराशी खाली मान घालून. म्हातारा रागावलेला नव्हता. त्याला एकच पाहिजे होतं : लिहिलंय काय ते ऐकायचं होतं. सरांनी अंक उघडला आणि त्या माणसाला त्याचं मरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. शेवटाला त्यानं फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "लई चांगला मानूस हुता की." आम्ही हसावं की काय करावं अशा अवस्थेत. मग तो जरा विचार करून म्हणाला, "पर येक चुकलंय. मरताना मी ह्याचं नाव घेनार न्हाय. म्हातारीचं घेईन. तेवढं बदला."

छापून झालेल्या अंकात बदलणार काय. सरांनी नुसते हात जोडले. म्हातारा उठला, नातवाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्यालाच बरोबर घेऊन स्टँडवर गेला.

दुसऱ्या दिवसापासून नियम आला. जिवंत माणसावर लिहिलं असेल तर आधी ते त्या माणसाला वाचून दाखवायचं. तो हो म्हणाला तर लेख घ्यायचा. तो म्हणाला अमुक काढा, तर काढायचं. गेलेल्यावर लिहिलं असेल तर घरातल्या जवळच्याला वाचून दाखवायचं. मी म्हटलं, "सर, कॉलेजचा अंक आहे. शंभर माणसं चाळणार आणि रद्दीत टाकणार. एवढं कशाला?" सर म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला निदान कळलं तरी, आपण कसे मेलो ते. बाकीच्यांना कोण सांगतंय?" त्यापुढं कुणीही लेख घेऊन आलं की लेखाला हात लावण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असे : "वाचून दाखवलंस का?"

मला तो नियम पहिल्यापासून जाच वाटायचा. लेख निम्म्यावर आले. मित्रांवर लिहिणारे बंद झाले, कारण मित्रांना वाचून दाखवल्यावर मारामारी व्हायची. काही वेळा मात्र गंमत यायची. इरफान नावाच्या मुलानं आपल्या रिक्षावाल्या वडिलांवर लिहिलं आणि रिक्षा स्टँडवर जाऊन वाचून दाखवलं. सगळ्या स्टँडनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः रिक्षा घेऊन कॉलेजात. म्हणाले, "सर, बच्चा अच्छा लिख्या. मगर मेरा गुस्सा भोत कम दिखाया. और डालो." सर इतके खूश झाले, की त्यांच्या तळहातावरसुद्धा बडीशेप ठेवली.

पण लावण्या नावाच्या मुलीच्या वेळी तसं झालं नाही.

लावण्या दुसऱ्या वर्षाला होती. घरी तेलुगू बोलणारी, मराठी मात्र अशी लिहायची की वाचताना मागं जाऊन परत वाचावंसं वाटे. तिनं आईवर लिहिलं. आई कुंभारीच्या वसाहतीत राहून विड्या वळायची. आईची बोटं, पानं भिजवायची पद्धत, सूपभर तंबाखूवर वाकलेली मान, हे सगळं त्यात होतं, पण लेख उभा होता एका प्रसंगावर. लावण्याला कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं कळलं त्या दिवशी आई उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून रडली. लावण्यानं फटीतून बघितलं. आनंदानं रडली की आता ही पोर आपल्या हाताखालून जाणार म्हणून रडली, ते तिला कळलं नाही, आणि विचारताही आलं नाही. तिथं लेख संपायचा.

सरांनी विचारलं, "वाचून दाखवलंस का?" ती म्हणाली, "आई नको म्हणते. तुम्ही येऊन समजवा की सर."

म्हणून आम्ही दोघं कुंभारीला गेलो. आई दारात सूप मांडीवर घेऊन बसलेली. बोलताना हात थांबला नाही. म्हणाली, "सर, सगळं लिवा. आमी गरीब हाय ते लिवा, माझी बोटं काळी हाय ते लिवा. खरंच हाय ते. पण रडली ते नको."

सर म्हणाले, "त्यात वाईट काय आहे, अक्का?"

"वाईट न्हाय. पण मी दार लावून रडली. हिनं बघितलं, ती हिची चूक. आता दार लावलेलं सगळ्या कालेजला का उघडून दावायचं?"

मला वाटलं होतं सर समजावतील, त्यांच्याजवळ शब्दांना कधी तोटा नसे. पण ते उठले, चप्पल घातली, आणि लावण्याला म्हणाले, "काढ."

"सर, मग लेखात राहिलं काय?"

"राहील तेवढं छापू."

छापलं. विड्या कशा वळतात याची माहिती छापल्यासारखं झालं. अंक आला त्या दिवशी लावण्या विभागात आली, आपलं पान काढून बघितलं, अंक टेबलावर तसाच ठेवला आणि गेली. पुन्हा तिनं काही दिलं नाही. पुढं सर अधूनमधून, काही संबंध नसताना, मला विचारायचे, "ती लावण्या काही लिहिते का हो?" मी म्हणायचे, माहीत नाही. एकदा म्हणाले, "माझ्यामुळं एक लिहिणारी गेली." मला राग आला. मी म्हटलं, "मग सोडा की तो नियम." ते म्हणाले, "आणि तिच्या आईला काय सांगू?"

आता सरांच्या घराकडं येते, म्हणजे काकूंकडं. महादेवीकाकू. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, कपाळावर विभूती. अंकाचे दिवस आले की मी त्यांच्याकडं जाऊन बसायचे. सर हॉलमध्ये मोठ्यानं लेख वाचायचे आणि काकू स्वयंपाकघरातून ऐकायच्या. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण कान तिखट. एखादा लेख संपला की आतून आवाज यायचा, "ह्या पोरीनं आईला लई गरीब केलीया." आणि तो लेख पुन्हा वाचला की खरंच तसं दिसायचं. सर लाल पेन उघडायचे. मला तर वाटतं अंकाच्या अर्ध्या दुरुस्त्या काकूंच्याच होत्या, पण हे त्यांच्यादेखत बोलायची सोय नव्हती. त्यांना स्वतःबद्दल काही बोललेलं खपत नसे. समारंभात फोटो काढायची वेळ आली की त्या चप्पल शोधायला निघून जायच्या.

सरांना एकदा याचा चांगलाच प्रसाद मिळाला. वर्गात शिकवताना ते सहज बोलून गेले, की आमच्या घरी रागावल्या की बोलत नाहीत, शेंगांची चटणी कुटतात. जितका राग जास्त तितकी चटणी बारीक. वर्ग हसला. चार दिवसांनी मंडईत एका विद्यार्थ्याची आई काकूंना म्हणाली, "काय वहिनी, या आठवड्यात चटणी बारीक का जाड?" काकू भाजी न घेता घरी आल्या. सर आले तेव्हा मी तिथंच होते. काकू त्यांना कानडीत काही बोलल्या नाहीत, मराठीत बोलल्या, मला कळावं म्हणून असेल. "मी काय धडा हाय का तुमचा? घरातलं घरात र्‍हाऊ द्या." आणि उन्हाळा संपेपर्यंत त्या घरात शेंगांची चटणी झाली नाही. सोलापुरात राहून. सर जेवताना ताटाच्या त्या मोकळ्या कोपऱ्याकडं बघायचे.

सर निवृत्त व्हायच्या वर्षी, संक्रांत झाली आणि काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आल्या त्या पलंगावरच. त्यांना किती समजतं, हे डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. थोडं समजत असेल, म्हणाले. आणि त्या रडायच्या. ज्या बाईला मी कधी डोळे ओले करताना बघितलं नव्हतं ती दूधवाल्याची घंटा वाजली तरी रडायची, पंखा लावला तरी रडायची. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे रडणं आजाराचं आहे, त्यात दुःख असेलच असं नाही, मनाला लावून घेऊ नका. सर मान हलवून आले. पण मनाला कसं लावून घ्यायचं नाही, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

सरांनी सगळं शिकून घेतलं. वेणी घालायला, भरवायला, कूस बदलायला. त्यांची पहिली वेणी इतकी वाकडी झाली होती की मी ती सोडून पुन्हा घातली, तर त्यांना आवडलं नाही.

त्या वर्षीचा अंक सरांच्या निरोपाचा होता. मुलांनी धरलं, की सरांनी एक लेख दिलाच पाहिजे. इतकी वर्षं संपादक असून अंकात त्यांचं स्वतःचं असं एक ललित कधी आलं नव्हतं. ते टाळत राहिले, टाळत राहिले, आणि एक दिवस स्टाफरूममध्ये माझ्यासमोर कागद ठेवले. काकूंवर लिहिलं होतं.

त्यात काय होतं ते मी इथं सांगणार नाही. एवढंच सांगते, की वाचल्यावर मला पुढच्या तासाला वर्गावर जाता आलं नाही. अंकासाठी येणारे लेख वाचण्यात माझी वर्षं गेली आहेत. असं काही त्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, हे आजच टाइप करायला पाठवते." ते म्हणाले, "टाइप करू द्या. छापायचं की नाही ते मी सांगेन. अजून वाचून दाखवलं नाही."

मला वाटलं, ही एक औपचारिकता आहे.

त्या शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी होते. कूलर घरघरत होता, त्याचा आवाज नको म्हणून सरांनी तो बंद केला आणि सगळे घामानं निथळायला लागलो. सर पलंगाच्या कडेला स्टूल घेऊन बसले. मराठीत लिहिलेलं होतं; एक परिच्छेद मराठीत वाचायचे आणि मग तोच कानडीत सांगायचे. पहिल्या परिच्छेदालाच काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सर थांबले. "अळबेड," म्हणाले. रडू नको. पुसलं. पुढं वाचलं. पाणी थांबेना. शेवटापर्यंत वाचून झालं, तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवला आणि वाकून विचारलं, छापू का? काकू त्यांच्याकडं बघत होत्या आणि रडत होत्या.

मग सरांना सुचलं. काकूंचा डावा हात चांगला होता. त्यांनी तो आपल्या हातात घेतला आणि कानडीत सांगितलं, हो असेल तर दाब. काकूंनी हात दाबला. स्पष्ट, मला बोटं वळलेली दिसली. सरांचा चेहरा असा उजळला, की मी खुर्चीतून उठलेच. "सर, झालं! हो म्हणाल्या!"

सरांनी हात सोडला नाही. मास्तर माणूस, एका उत्तरावर मार्क देणार नाही. त्यांनी विचारलं, नको असेल तर दाब. काकूंनी दाबला. त्यांनी विचारलं, तुझं नाव महादेवी? दाबला. तुझं नाव शैलजा? दाबला.

"हात दिला की दाबतेय ती," सर मला म्हणाले. आणि हात काढून न घेता तसेच बसले. मी कूलर चालू केला. दुसरं काही करण्यासारखं मला दिसलं नाही.

त्यानंतर दोन आठवडे सगळ्यांनी त्यांना समजावलं. प्राचार्य म्हणाले, "अहो, बायकोबद्दल चांगलंच लिहिलंय ना? मग परवानगी कसली मागताय?" शैलजानं फोन केला, "अप्पा, मी सांगते, छापा." सर तिला म्हणाले, "तुला नाही विचारलं गं. हिला विचारतोय." मुलं तर रडकुंडीला आली. त्यांच्यासाठी ते एक मोठं काम होतं, सरांचा लेख अंकात घ्यायचा. आणि सर रोज घरी गेल्यावर, कधी सकाळी, कधी जेवणानंतर, तो लेख पुन्हा वाचून बघायचे. कधी काकू झोपून उठल्यावर ताज्यातवान्या असतात तेव्हा. एखाद्या वेळी एखादं बोट, भुवई, काहीतरी वेगळं दिसेल म्हणून. दुसऱ्या दिवशी मी विचारायचे, "काही?" ते म्हणायचे, "रडली."

छापखान्यातून निरोप आला की पानं आता छपाईला सोडावी लागतील. त्या दिवशी मी सरांवर चिडले. मोठ्यानं बोलले, स्टाफरूममध्ये, लोकांसमोर. "सर, हा हट्ट आहे. नियम तुम्ही केला, तुम्ही मोडू शकता. कुणी तुम्हाला जाब विचारणार नाही."

सर म्हणाले, "लावण्याच्या लेखासाठी नाही मोडला. आता माझा लेख आहे म्हणून मोडू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, ती बोलत होती तेव्हा चटणीचं एक वाक्य तिनं खपवून घेतलं नाही. आता तिला बोलता येत नाही, म्हणून मी पानंच्या पानं लिहू?"

"पण त्यांना आवडलंही असेल की," मी म्हटलं. "तुम्हाला काय माहीत?"

"तेच तर," सर म्हणाले. "मला काय माहीत."

ते स्वतः छापखान्यात गेले. टाइप केलेला मजकूर आपल्या डोळ्यांदेखत काढून टाकायला लावला. परत येऊन मला म्हणाले, "तुमच्या मोबाईलवर पण असेल." मी त्यांच्यासमोरच पुसून टाकला. त्या पानांवर क्रीडा विभागाचे फोटो गेले. हातानं लिहिलेल्या कागदांचं त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. शैलजालाही माहीत नाही.

अंक आला तेव्हा सर निवृत्त झाले होते आणि घर आवरायचं चाललं होतं, कारण शैलजा दोघांनाही हुबळीला नेणार होती. अंक द्यायला मी संध्याकाळी गेले. हॉलमध्ये खोकी भरून ठेवलेली. सरांनी अंक हातात घेतला, नेहमीसारखा आधी नाकाजवळ नेऊन शाईचा वास घेतला, आणि मला बसा म्हणून ते आत काकूंजवळ गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी दारात जाऊन उभी राहिले.

ते अंक पहिल्या पानापासून वाचत होते. पहिलं पान म्हणजे प्राचार्यांचं मनोगत. दरवर्षी तेच असतं, नवीन शैक्षणिक धोरण, इमारतीचं रंगकाम, विद्यार्थ्यांनी मोबाईलचा वापर जपून करावा. एक परिच्छेद मराठीत, मग कानडीत, तसंच सावकाश, शब्द न गाळता. सर वाचताना कागदाकडं कमी आणि काकूंकडं जास्त बघत होते. इमारतीच्या रंगकामाला काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सरांनी थांबून पुसलं. पुढं वाचलं. मोबाईलच्या वापराला पुन्हा धारा लागल्या. मनोगत संपेपर्यंत उशीचा अभ्रा कानाजवळ ओला झाला होता.

मला हसू आलं. खरंच आलं, आणि मला वाटलं सरही हसतील, प्राचार्यांवर काहीतरी बोलतील. मी म्हटलं, "सर, हे आमच्या प्राचार्यांना कळलं तर उड्या मारतील."

सर हसले नाहीत. त्यांनी काकूंचा गाल पंचानं टिपला, डाव्या बाजूनं, मग उजव्या बाजूनं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या लेखालाही एवढंच रडली होती. जास्त नाही."

मग पान उलटून त्यांनी वार्षिक अहवाल वाचायला घेतला.